मर रोग, कर्मविपाक आणि नागसेनाचे उत्तर

कार्तिक उलटून मार्गशीर्ष लागण्याच्या सुमारास, पैठण, गंगापूर आणि वैजापूर या तालुक्यांतील काळ्या रानांत तूर पिवळ्या फुलोऱ्याने भरून आलेली असते आणि शेंगा धरू लागलेल्या असतात अशा ऐन वेळी, जमिनीत पुरेशी ओल असूनही एखादे झाड अकस्मात मान टाकते. त्याची पाने पिवळी पडतात, वाळतात, खोडावर बुंध्यापासून वर चढत जाणारा जांभळट पट्टा उमटतो, आणि ते खोड उभे चिरून पाहिले तर आतल्या जलवाहिन्यांत काळपट रेघा आढळतात. त्याच सरीतले, त्याच दिवशी पेरलेले, त्याच पावसावर वाढलेले शेजारचे झाड मात्र हिरवेगार उभे असते. या रोगाला आपला शेतकरी मर म्हणतो. हरभऱ्याला असाच मर रोग पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांतही गाठतो, आणि फाल्गुनाच्या उन्हात कोरडी मूळकूज उरलेसुरले पीक नेते. ज्याने बियाण्यासाठी कर्ज काढले, ज्याच्या घरातील लग्नाचा वायदा त्या शेंगांवर ठरला होता, तो माणूस बांधावर उभा राहून जो प्रश्न विचारतो तो कृषिशास्त्राचा नसतो. माझ्याच वावरात का, आणि या झाडाने काय केले होते, असे तो विचारतो; आणि हा प्रश्न धर्मशास्त्राचा व तत्त्वज्ञानाचा आहे, हे ओळखून त्याला उत्तर देण्याची जबाबदारी विचार करणाऱ्यांनी टाळू नये असे मला वाटते.

प्रथम शास्त्राने या प्रकरणाचा जो तपास केला तो पाहणे युक्त होईल. बिहारातील पुसा येथील संस्थेत सरकारचे कवकशास्त्रज्ञ असलेले एडविन बटलर यांनी तुरीच्या मर रोगाचा सविस्तर अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला, आणि फ्युजॅरियम उडम या बुरशीच्या नावापुढे आजही त्यांचेच नाव लागते. ही बुरशी कोवळ्या मुळांतून आत शिरते, जलवाहिन्यांत आपले तंतू पसरते, आणि झाडाने स्वसंरक्षणार्थ स्रवलेल्या डिंकासारख्या द्रव्यांनी त्या वाहिन्या अधिकच तुंबतात; परिणामी ओल्या जमिनीत उभे असलेले झाड तहानेने मरते. एक रोग आणि त्याचा एक जंतू हा जो न्याय जंतुशास्त्रज्ञ कोख यांच्या काळापासून, म्हणजे १८८० च्या दशकापासून, वैद्यकात रूढ झाला होता, त्याच न्यायाने येथेही मुख्य आरोपी निश्चित झाला. आणि दप्तर तेथेच बंद झाले असते तर आपल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बुरशी दुष्ट, झाड निरपराध, आणि दुष्टाचा नाश हा उपाय.

परंतु पुढील शोधांनी हा निकाल टिकू दिला नाही. फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोरनार नावाच्या गावची जमीन अशी निघाली की, तेथे मर रोगाची बुरशी मातीत असूनही पिकाला रोग होत नसे. त्या मातीला वाफ देऊन तिच्यातील सूक्ष्म जीव मारले, की तीच माती रोगाला बळी पडू लागे. आणि मूळच्या मातीचा थोडासा अंश तिच्यात मिसळला, की तिचे संरक्षणसामर्थ्य परत येई. त्या मातीतून जे रक्षक जीव वेगळे काढण्यात आले त्यांत प्रमुख कोण होते? फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम, म्हणजे ज्या जातीचे काही वंश पिकांना मारतात त्याच जातीचे निरुपद्रवी वंश. ते मुळाभोवतीचे अन्न आणि जागा आधीच व्यापून ठेवतात आणि झाडाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला जाग आणतात. मारणारा आणि तारणारा एकाच कुळातले, एकाच मातीतले, पुष्कळ अंशी एकाच सामर्थ्याचे.

याहून जुना आणि मला अधिक विचारप्रवृत्त करणारा प्रयोग वाटाण्याचा आहे. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ साली दाखवून दिले की, निर्जंतुक केलेल्या, नत्रहीन वाळूत लावलेला वाटाणा उगवतो, काही काळ बीजातील शिदोरीवर जगतो आणि मग उपासमारीने खुरटतो. पण त्याच वाळूत शेतातील मातीचे थोडे पाणी ओतले, की मुळांवर गाठी धरतात आणि तो वाटाणा तरारून उठतो. जी वाळू सर्वांत शुद्ध तिच्यात त्याला अन्न मिळत नाही. ज्या मातीत त्याचे मारेकरी वसतात तिच्यातच त्याचे अन्नदातेही वसतात. रायझोबियम जिवाणूचा मुळात होणारा प्रवेश बारकाईने पाहिला तर तो आक्रमणासारखाच असतो: मुळाचे केस वाकतात, त्यांच्या आतून एक धाग्यासारखी वाट तयार होते, आणि जिवाणू पेशींच्या अंतर्भागात जाऊन राहतात. फरक इतकाच की झाड त्यांना बोलावते, त्यांच्या गाठींची संख्या आपण ठरवते, आणि ते मर्यादेत राहतात. सोवळ्याची जी कल्पना आपल्या समाजाने शतकानुशतके जोपासली, की परक्याचा स्पर्श टाळला म्हणजे आपण सुरक्षित झालो, तिला या वाळूच्या कुंडीतील खुरटलेल्या वाटाण्याने दिलेले उत्तर मला कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानाइतकेच निर्णायक वाटते.

तेव्हा रोग कोठे राहतो? बुरशीत म्हणावे, तर ती निरोगी शेतातही असते. मातीत म्हणावे, तर तीच माती वाणपरत्वे एका झाडाला मारते व दुसऱ्याला तारते. ऋतूत म्हणावे, तर एकाच ऋतूत दोन शेजारी शेतांची गती भिन्न होते. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला येथे एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात जे महाविद्यालय सुरू केले त्याला त्यांनी मिलिंद राजाचे नाव दिले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला गेला. ज्या ग्रंथात या राजाचा आणि भिक्षू नागसेनाचा संवाद आहे, त्या मिलिंदपञ्हात रथाचा प्रसिद्ध दृष्टांत येतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असे एकेक विचारीत गेल्यावर राजाला मान्य करावे लागते की, या सर्वांच्या विशिष्ट जुळणीला आपण रथ म्हणतो, तिच्यावेगळी रथ नावाची वस्तू सापडत नाही. मर रोगाचेही असेच आहे. तो वस्तू नसून एक जुळणी आहे. आणि जुळणी असल्यामुळेच ती मोडता येते, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट.

आता धर्माच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन आरोप घेऊन त्यांचे निरसन केले आहे, आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्यासाठी पर्जन्याचा दाखला दिला आहे: पाऊस भात आणि जव यांच्यावर सारखाच पडतो, पण त्यांच्यातील भेद ज्याच्या त्याच्या बीजातील सामर्थ्याने घडतो, तसे ईश्वर साधारण कारण असून प्राण्यांची विषम गती त्यांच्या कर्मांमुळे होते. शेताच्या बांधावर हा दाखला विलक्षण समर्पक वाटतो. पाऊस एकच आणि झाडे दोन, एक मेले व एक जगले, हे तर आपण डोळ्यांनी पाहतो. तरीही मला हे निरसन त्या बांधावर पुरे पडत नाही असे नम्रतापूर्वक म्हणावेसे वाटते. तुरीच्या झाडाचे कर्म कोणते? आणि झाडाला बाजूला ठेवून शेतकऱ्याचे पूर्वकर्म म्हणावे, तर ज्या मराठवाड्यात अवर्षण, सावकारी आणि कर्जापायी इतक्या जणांनी प्राण दिले तेथे एखाद्याला त्याच्या नुकसानीच्या दिवशी हे तुझेच गेल्या जन्मीचे फळ असे सांगणे हे, आचार्यांचा तसा हेतू मुळीच नसताना, नैर्घृण्याचा आरोप ईश्वरावरून काढून माणसाने स्वतःवर ओढवून घेण्यासारखे आहे.

नागसेनाने या ठिकाणी फार धीट भूमिका घेतली आहे. देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची लागून बुद्धाच्या पायाला जखम झाली, मग ज्याने सर्व अकुशल कर्म जाळून टाकले त्याला हे दुःख कसे झाले, असा पेच राजा घालतो. नागसेन उत्तर देतो की, वेदना आठ कारणांनी उत्पन्न होतात; वात, पित्त, कफ आणि त्यांचा संनिपात ही चार, ऋतूंचा पालट, विषम राहणी व हयगय, बाहेरचा आघात, आणि शेवटी कर्मविपाक. यांपैकी कर्मविपाकाने येणारे दुःख थोडे, इतर कारणांचे अधिक. सारेच कर्माने होते म्हणणारा मर्यादा ओलांडतो. आणि मग तो राजाला जो प्रतिप्रश्न विचारतो तो तर जणू कुणब्यासाठीच आहे: धरणी नांगरली जाते, फोडली जाते, ती काय तिच्या पूर्वीच्या कर्मामुळे? राजाला नाही म्हणावे लागते. मला हे उत्तर मान्य आहे, आणि ते मान्य केल्यावर शेतकऱ्याच्या प्रश्नातील निम्मे विष उतरते असा माझा विश्वास आहे. त्याच्या तुरीला मर लागली ती ऋतुपालट आणि विषम सांभाळ या कारणांच्या सदरात पडते. तिच्यासाठी गेल्या जन्माचे खाते उघडण्याची गरज नाही.

पण या जन्माचे खाते मात्र उघडावे लागते. कर्मसिद्धान्तातील संचित हा शब्द ज्या अर्थाने परंपरेने योजला त्या अर्थाने तो सिद्ध करता येणार नाही; मातीच्या बाबतीत मात्र तो अक्षरशः खरा आहे. मर रोगाची बुरशी जाड कवचाचे बीजाणू करून ठेवते. तुरीची बुरशी धसकटांच्या आश्रयाने तीन वर्षांपर्यंत आणि हरभऱ्याची सहा वर्षांपर्यंत जमिनीत टिकू शकते, यजमान पिकाची वाट पाहत. त्याच वावरात तुरीवर तूर घेतली, की दरवर्षी हे संचित वाढते. ज्या पिढ्यांनी या प्रांतात ज्वारीच्या पाच-सहा ओळींमागे तुरीच्या एक-दोन ओळी पेरण्याचा प्रघात पाडला त्यांना फ्युजॅरियमचे नाव ठाऊक नव्हते, पण ज्वारीच्या संगतीत तुरीची मर लक्षणीय कमी होते हे पुढे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रयोगांतून सिद्ध झाले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत खरिपाची ज्वारी मराठवाड्यातून मागे हटली आणि सोयाबीन पुढे आले. भाव, बाजार आणि मजुरी यांची कारणे त्यामागे आहेत आणि ती खोटी नाहीत. तरी त्या पालटाबरोबर मातीतील एक जुना पहारा उठला, हेही खरे आहे.

येथे कर्माचा एक नवाच पेच उभा राहतो, आणि या सर्व विषयात तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्ताच्या समर्थनार्थ दोन दोष टाळण्याची अट घातली होती: केलेले कर्म फळ न देता नष्ट होऊ नये, आणि न केलेल्याचे फळ कोणाच्या वाट्यास येऊ नये. यांतील दुसऱ्याला अकृताभ्यागम म्हणतात. मातीत मात्र हा दोष पदोपदी घडतो. बापाने दहा वर्षे एकच पीक घेतले, फळ मुलाने भोगले. वरच्या शेतातून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेल्या गाळाने बीजाणू खालच्या शेतात आणले, वरच्याचे कृत्य खालच्याला बाधले. मालकाने हातात उरेल तेवढे काढून जमीन बटईने दिली, आणि बटईदाराला पहिल्याच वर्षी मर लागली. न्यायशास्त्राला जे अशक्य वाटले ते काळ्या मातीत रोज चालू आहे. यावरून मला असे वाटते की, कर्म व्यक्तीला चिकटते ही कल्पना मातीपुढे अपुरी आहे. मातीत कर्म गावाला चिकटते, पिढीला चिकटते, आणि म्हणून त्याचा निरास करण्याचा धर्मही एकट्याचा असू शकत नाही.

कोणी म्हणेल की, निसर्ग आपले आपण सावरतो. त्यात तथ्य आहे. गव्हाच्या मुळांना लागणारा एक बुरशीजन्य रोग, गव्हावर गहू घेत गेल्यास काही वर्षे वाढत जातो आणि मग आपोआप ओसरतो, कारण त्या काळात त्या बुरशीला आवर घालणारे स्यूडोमोनास जिवाणू मुळांभोवती वाढून बसतात. हे युरोप-अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. पण तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या मर रोगावर असा भरवसा ठेवून बसण्याइतका अवधी कोरडवाहू शेतकऱ्याजवळ नसतो, आणि वाटाण्याच्या मूळकुजीच्या बाबतीत तर निसर्गाचा हा उदारपणा फारसा दिसत नाही. १९२५ साली अमेरिकेत वर्णन झालेला अ‍ॅफॅनोमायसिस हा त्या रोगाचा कारक जीव दहा वर्षांहूनही अधिक काळ मातीत दबा धरून राहतो, आणि कॅनडाच्या ससकॅचवान प्रांतातील वाटाणाउत्पादक आज त्याच्यापायी दीर्घ फेरपालट स्वीकारू लागले आहेत. त्यांचा पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ मध्ये आयातशुल्क उठल्यानंतर आपल्या बाजारपेठांत मोठ्या प्रमाणावर उतरला आणि लातूर-जालन्याच्या शेतकऱ्याला आपल्या तुरी-हरभऱ्याच्या भावाची चिंता पडली. दोघांच्या मुळांशी एकाच प्रकारचे संकट आहे आणि बाजारात मात्र ते एकमेकांसमोर उभे आहेत, याचे मला वाईट वाटते.

वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली त्याच पाषाणाची लक्षावधी वर्षे झीज होऊन ही काळी जमीन झाली आहे, आणि त्या लेण्यांत तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतची लेणी जैनांची आहेत. ज्या परंपरेने ती कोरविली तिच्या आचारांगसूत्रात पृथ्वीकायिक जीवांना इजा न करण्याविषयीचा विचार अगदी आरंभीच्या अध्ययनात येतो. जमिनीत असंख्य जीव आहेत हे सूक्ष्मदर्शक निर्माण होण्यापूर्वी कित्येक शतके ज्यांनी गांभीर्याने धरले त्यांच्या दृष्टीने पाहू गेल्यास, आज कृषी खाते जो उपाय सांगते तो नैतिक पेच निर्माण करतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांना पोखरते व खाते; संशोधक वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये हे तिचे वर्तन वर्णन केले. किलोभर बियाण्याला चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळणारा शेतकरी एका अर्थी मारेकऱ्यावर मारेकरी सोडीत असतो. ही हिंसा नव्हे काय? मला वाटते, आहे. पण त्याच जैन परंपरेने ऋषभदेवांना कृषीचा आद्य उपदेशक मानले आणि गृहस्थाच्या उद्योगात अपरिहार्यपणे घडणारी हिंसा व संकल्पपूर्वक केलेली हिंसा यांत भेद केला. विषारी द्रव्याने वा वाफेने साऱ्या मातीचे जीवन संपविणे आणि मातीतल्याच एका जिवाला दुसऱ्याच्या मर्यादेवर नेमणे यांत तो भेद स्पष्ट दिसतो. पहिल्या कृतीत शत्रूबरोबर वाटाण्याच्या गाठीतला मित्रही जातो. दुसरीत सृष्टीचाच एक नियम आपण उपयोगात आणतो; ट्रायकोडर्मा आपण नसतानाही हेच करीत होती.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या वाटेवर बदनापूर लागते. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव औरंगाबाद जिल्ह्यातच होते. तेथील कडधान्य संशोधन केंद्राने, जे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, बीडीएन ७०८, बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ आणि अलीकडचा पांढऱ्या फुलांचा गोदावरी, अशी मर रोगास दाद न देणारी तुरीची वाणे शेतकऱ्यांच्या हाती दिली. अशी वाणे निवडण्याची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ती अवश्य समजून घ्यावी. त्यासाठी जमिनीचा एक तुकडा हेतुतः रोगी ठेवतात. मेलेल्या झाडांची धसकटे त्याच जमिनीत मिसळून रोगाचे संचित टिकवून धरतात, मधूनमधून मर रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरतात, म्हणजे रोग सर्वत्र सारखा आहे याची साक्ष मिळते, आणि मग त्या भूमीत शेकडो वाणे लावून कोणते उभे राहते ते पाहतात. ज्याने आयुष्यभर निरोगी जमिनीची कामना करावी त्या संशोधकाने एक रोगी जमीन जिवापाड सांभाळावी, हे मला धर्माचे एक फार उंच आचरण वाटते. दुःखाचे प्रयोजन काय, या जुन्या प्रश्नाला मी सर्वसाधारण उत्तर देऊ शकत नाही. दुःखाला कोणी प्रयोजन लावू शकतो, याचा मात्र हा वाफा पुरावा आहे. तेथील मेलेल्या तुरीचे काही पूर्वकर्म नव्हते, आणि तिच्या मरणाने हजारो शेतांतील तूर जगली.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. कीर्तन-प्रवचन करणाऱ्यांनी, ज्याचे पीक बसले आहे त्याच्यापुढे कर्मविपाकाचे निरूपण करू नये. नागसेनाची आठ कारणे सांगावीत आणि आठवे शेवटी ठेवावे. आणि जमीन बटईने देणाऱ्या मालकाने ती एका सालासाठी न देता निदान चार-पाच सालांसाठी द्यावी, म्हणजे कसणाऱ्याला फेरपालट करण्याची सोय राहील व ओढ वाटेल. मातीचे संचित वाचण्यासाठी दिव्यदृष्टी लागत नाही. कोणत्या गटात कोणत्या साली काय पेरले होते हे सातबाऱ्याच्या गाव नमुना बारामध्ये लिहिलेले असते. जमीन कसायला घेण्यापूर्वी तो उतारा काढून पाहावा, आणि गेल्या तीन वर्षांत त्या गटात तूर होती व तिला मर लागली होती असे विचारपूस करून कळले तर यंदा तेथे ज्वारी पेरावी.